विमानातला झेड

आखातातल्या मुहर्रकच्या विमानतळावर, मालाच्या गोदामांमागच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात गुरुप्रसाद देऊस्कर फ्लाइट प्लॅन टाइप करत असताना घरून बायकोचा फोन आला.

"अहो, सुनीतानं नाकात शेंगदाणा घातलाय."

गुरुप्रसादनं रिसीव्हर कान आणि खांदा यांच्यामध्ये धरला आणि टाइप करणं चालूच ठेवलं. "कुठल्या नाकपुडीत?"

"उजव्या. पण त्यानं काय होणाराय?"

"डावी दाबून धर आणि तिला जोरात शिंकरायला सांग."

"सांगितलं. ती उलटं आत ओढते. तुम्हीच सांगा तिला."

रिसीव्हरमधून पाच वर्षांच्या सुनीताचा आवाज आला. "पापा, इट हॅज गॉन अप."

"ओढू नको, बेटा. ब्लो! बाहेर, बाहेर!"

त्या दुसऱ्या 'बाहेर'वर त्याचं बोट घसरलं. मग पलीकडून एक दणदणीत शिंक ऐकू आली, नीलानं "आला, आला" म्हणत फोन आपटला, आणि गुरुप्रसादनं मोकळा श्वास घेऊन कागद मशीनमधून ओढला. एरवी तो प्रत्येक प्लॅन वाचून मगच हातावेगळा करत असे. पण दारात कंपनीचा ड्रायव्हर महादेव उभा होता. "यल्ला, देऊस्करांनू! पॅसेंजर गाडयेत बसान कंटाळलो," असं म्हणून त्यानं कागद हातातून जवळजवळ हिसकावूनच नेला.

विमान उडण्याआधी त्याची सगळी माहिती नियंत्रण कक्षाला द्यावी लागते. त्या कागदावर एक छोटी चौकट असते ती विमानातल्या उपकरणांची. तिथे शब्द लिहीत नाहीत, नुसती अक्षरं लिहितात. एस लिहिला की नेहमीची सगळी उपकरणं आहेत असं समजायचं: बोलायचा रेडिओ, दिशा सांगणारी यंत्रं, धुक्यात उतरवणारं यंत्र. एन लिहिला तर विमानात यातलं काहीच नाही. आणि झेड लिहिला तर याखेरीज आणखी काहीतरी आहे, आणि काय ते शेवटच्या रकान्यात लिहिलं आहे. गुरुप्रसादच्या टाइपरायटरवर एसच्या खालच्याच ओळीत, बोट जरा घसरलं की पोचेल अशा जागी झेड होता. शेवटच्या रकान्यात अर्थातच त्यानं काही लिहिलं नव्हतं.

कंपनी अबू खालिदची होती. दोन छोटी विमानं, दोन वैमानिक, आणि ती भाड्यानं देण्याचा धंदा. हा धंदा बरा चालला होता तो सौदीला जाणारा पूल होईपर्यंत. पूल सुरू होऊन आता वर्ष होत आलं होतं. जे व्यापारी पूर्वी पलीकडे जायला विमान मागवायचे, ते आता घरच्या गाडीत बसून, वाटेत शेंगा खात जाऊ लागले. एका कारकुनाला अबू खालिदनं ईदनंतर परत पाठवलं होतं. उरलेल्या कारकुनाचा, म्हणजे गुरुप्रसादचा, व्हिसा वाढवून घ्यायचा कागद अबू खालिदच्या टेबलावर सहीवाचून पडला होता. "बुकरा, इंशाल्ला," असं तो दर वेळी म्हणे. उद्या, देवाची इच्छा असेल तर. नीला रोज संध्याकाळी दार उघडताना आधी नवऱ्याच्या तोंडाकडे बघायची आणि मग काही न विचारता चहा टाकायची.

त्या दिवशी विमान शारजाला निघालं होतं. चालवत होता कॅप्टन रॉडनी. हा इंग्लंडच्या हवाई दलातून निवृत्त झालेला, पिळदार मिशांचा माणूस. 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यानं आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं आणि साठीत ते शिकायची त्याची इच्छाही नव्हती. त्याच्या मागच्याच आसनावर हाजी यूसुफ बसला होता. हाजीचा सिमेंटचा व्यापार मोठा होता आणि कान त्याहून मोठे.

वाटेत पलीकडच्या कंट्रोलनं रेडिओवर विचारलं, "तुमच्या प्लॅनमध्ये उपकरण झेड दाखवलंय. काय आहे ते?"

त्या दिवसांत आखातात तेलाच्या जहाजांवर हल्ले होत होते. कुणाच्या विमानात काय आहे याबद्दल सगळ्यांनाच उत्सुकता असे. कॅप्टननं समोरच्या काट्यांकडे एकदा पाहिलं. त्यातला एकही झेड नव्हता. मागे हाजी पुढे वाकला होता.

"कंपनीचं खास उपकरण आहे," कॅप्टन म्हणाला. "रेडिओवर जास्त बोलता येणार नाही."

परत आल्यावर त्यानं आधी ऑफिसचं दार लावलं आणि मग विचारलं, "देऊस्कर, झेड म्हणजे काय?"

गुरुप्रसादनं फाइलमधली कार्बन कॉपी काढून पाहिली आणि तो घामाघूम झाला. "सर, माझी चूक झाली. तो शेंगदाणा, सर."

"काय?"

"पीनट, सर. मुलीच्या नाकात."

कॅप्टननं मिशीचं एक टोक पिळलं. "म्हणजे आपल्या विमानात एक खास उपकरण आहे असं मी अर्ध्या आखाताला सांगून आलो, आणि ते शेंगदाणा आहे?"

"उद्यापासून एस, सर. कुणाला कळणार नाही."

हे बोलणं संपतं न संपतं तोच बाहेर गाडीचं दार वाजलं. अबू खालिद एरवी ऑफिसात फक्त ओरडायला येई. आज त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, आणि ते पाहून दोघेही घाबरले. हाजी यूसुफनं विमानतळावरून घरी न जाता सरळ बुदैयाच्या बागेतली बैठक गाठली होती, आणि जमलेल्या व्यापाऱ्यांना सांगितलं होतं की अबू खालिदच्या विमानात असं काही आहे, की कॅप्टन त्याचं नावसुद्धा घेत नाही.

"कॅप्टन, ये झेड क्या है?" अबू खालिदनं विचारलं. "विमान मेरा, और मेरे को मालूम नहीं?"

कॅप्टननं खिडकीबाहेर पाहिलं. "ती बाजू देऊस्कर सांभाळतो."

गुरुप्रसाद उभा राहिला. व्हिसाचा कागद आज अबू खालिदच्या खिशातून डोकावत होता. "अदर इक्विपमेंट, सर," तो म्हणाला.

"अदर मतलब?"

"स्टँडर्ड के सिवा जो है, वो."

"दूसरे कंपनी के पास?"

"उनके पास स्टँडर्ड, सर."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. गुरुप्रसादनं ते रात्री नीलाला दोनदा सांगितलं आणि नीलानं दोन्ही वेळा मान फिरवली. अबू खालिदला मात्र उत्तर पसंत पडलं. "खलास," तो म्हणाला. "रोज झेड लिखो." कागद खिशात तसाच ठेवून तो निघून गेला.

पुढच्या आठवड्यात फोन वाजू लागले. पुलावरून गाडीनं जाणाऱ्यांना अचानक विमान हवंसं वाटू लागलं, आणि तेही झेडवालं. दुसरं विमान रिकामं उभं राहायला लागलं तसं अबू खालिदनं हुकूम दिला की त्यालाही झेड लावा. "कुठे लावू?" गुरुप्रसादनं कॅप्टनला विचारलं. कॅप्टननं सांगितलं की असल्या बाबतीत आपलं मत नाही. आयुष्यात प्रथमच त्याला कशाबद्दल तरी मत नव्हतं.

ही गंमत फार दिवस टिकण्यासारखी नव्हती. एका दुपारी पलीकडच्या कंट्रोलनं कॅप्टनच्या विमानाला उतरण्याची परवानगी द्यायचं नाकारलं. झेड म्हणजे काय ते आधी कळवा, असं म्हणून त्यांनी त्याला समुद्रावर गोल गोल फिरवत ठेवलं. आत बसलेले दोन व्यापारी आजारी पडले. कॅप्टननं हवामानाचं काहीबाही सांगून वेळ मारून नेली, पण मुहर्रकला फ्लाइट प्लॅन घेणाऱ्या खिडकीवरून मुनाफचा फोन आला. मुनाफ रत्नागिरीकडचा. गुरुप्रसादशी त्याची चहाची मैत्री होती.

"देऊस्कर, काय चालवलंस हे? झेड लिवलास तर खाली काय ते लिव. नायतर उद्यापासून तुझा प्लॅन घेणार नाय मी."

"काय लिहू, मुनाफभाई?"

"आता ते तुज्या इमानात काय हाय ते मला काय ठावं?"

संध्याकाळी गुरुप्रसाद महादेवला घेऊन विमानात शिरला आणि आणखी काहीतरी शोधू लागला. आग विझवायचं नळकांडं सापडलं, पण ते सगळ्यांकडे असतं. थर्मास सापडला, छत्री सापडली, आसनाखाली खजुराचा डबा सापडला. गुरुप्रसाद कपाळाला हात लावून शेवटच्या रांगेत बसला. समोर भिंतीवर एक रिसीव्हर लटकत होता.

"हे काय आहे रे?"

"ह्यो? ह्यो आमच्या शेठाचो फोन," महादेव म्हणाला. "तुबलीच्या गॅरेजात त्याच्या मोटारीतून काढलेलो. हयसून बोललास तर कॅप्टनच्या कानात जाता. शेठाक सारखा इचारूचा आसता मां, किती येळ लागात म्हणान!"

गुरुप्रसादनं रिसीव्हर उचलून कानाला लावला. तो बोलायचं उपकरण होता यात शंका नव्हती, आणि नेहमीच्या उपकरणांमध्ये तो बसत नव्हता हेही खरं होतं. दुसऱ्या दिवशी शेवटच्या रकान्यात त्यानं प्रामाणिकपणे टाइप केलं: 'प्रवासी कक्षात टेलिफोन.'

मुनाफनं ते वाचलं, समाधानानं मान हलवली आणि पुढे पाठवलं. तिथून पुढे मात्र त्या कागदाचा प्रवास कुणाच्या हातात राहिला नाही. महादेवनं गाडीत एका प्रवाशाला सांगितलं की झेड म्हणजे टेलिफोन, आणि दोन दिवसांत बुदैयाच्या बैठकीत ठरून गेलं की अबू खालिदच्या विमानातून माणूस घरी फोन करू शकतो.

पहिला फोन हाजी यूसुफनंच केला. समुद्राच्या मधोमध त्यानं रिसीव्हर उचलला. पलीकडून कॅप्टन रॉडनी बोलला, कारण त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला दुसरं कुणी नव्हतंच.

"मेरा ऑफिस दो," हाजी म्हणाला.

कॅप्टनला नाही म्हणता आलं असतं. पण या उपकरणाची ओळख त्यानंच सगळ्यांना करून दिली होती. त्यानं हाजीला थांबायला सांगितलं आणि कंपनीच्या रेडिओवर गुरुप्रसादला हाक मारली. गुरुप्रसादनं एका हातात माइक धरला, दुसऱ्या हातानं टेबलावरच्या फोनवर हाजीच्या ऑफिसचा नंबर फिरवला, आणि निरोप पोचवला. उत्तर आलं ते त्याच वाटेनं उलट गेलं. हाजी खूश झाला. आवाज वाटेत दोन माणसांतून जातो, हे त्याला मागच्या आसनावर बसून कसं दिसणार?

आठवडाभरात गुरुप्रसादचं काम बदलून गेलं. सकाळी तो प्लॅन टाइप करी आणि उरलेला दिवस लोकांचे निरोप पोचवी. कुणाचा मुलगा शाळेतून आला का, कुणाच्या गोदामाची किल्ली कुणाकडे आहे, कुणाच्या सासूला डॉक्टरकडे नेलं का. गुरुप्रसाद स्वभावानं सौम्य होता आणि त्याचं अरबी त्याहून सौम्य होतं. कुणी ओरडून काही सांगितलं तर तो ते जरा मऊ करून पुढे देई. एकदा हाजीनं आकाशातून फर्मावलं, "आज काँक्रीट बिलकुल मत डालो, सब गाढव लोग!" गुरुप्रसादनं फोरमनला फोन करून हाजींचा सलाम सांगितला, प्रकृतीची चौकशी केली आणि म्हटलं की काँक्रीटचं आज नाही झालं तरी हाजींची काही हरकत नाही. फोरमनला वाटलं आज झालं तर उत्तमच. संध्याकाळी हाजी परतला तेव्हा जिथे दरवाजा यायचा होता तिथे भिंत उभी होती.

ही चूक उघड झाली नाही, कारण हाजीनं फोरमनला दोष दिला आणि फोरमननं यंत्राला. गुरुप्रसादला मात्र झोप लागेना. म्हणून त्यानं एक युक्ती काढली. निरोप आपल्या तोंडून न्यायचाच नाही. फोनचा रिसीव्हर सरळ माइकला टेकवायचा आणि माइकचं बटण दाबून धरायचं. तिकडे कॅप्टन आपला हेडफोन त्याच पद्धतीनं तुबलीच्या फोनच्या आपल्याकडच्या टोकाला टेकवी. माणसं थेट बोलू लागली, निदान थेट ऐकू लागली. गुरुप्रसादला त्या वेळात चहा पिता येऊ लागला.

घरी मात्र नीलाचं बिनसलं होतं. मे महिन्यात तिच्या धाकट्या भावाचं लग्न होतं, गिरगावात. तिकिटं काढायची तर रजा हवी, रजा हवी तर आधी व्हिसा हवा, आणि व्हिसाचं विचारायला नवऱ्याला ऑफिसात फोन करावा तर तो दिवसभर एंगेज. संध्याकाळी नवरा घसा बसलेला घेऊन यायचा आणि जेवताना सांगायचा की हाजी यूसुफ बायकोला मीटिंग आहे म्हणून निरोप देतो आणि झल्लाकला जाऊन समुद्रात गळ टाकून बसतो.

"आणि तो निरोप पोचवता कोण? तुम्ही," नीला म्हणाली.

"मी फक्त रिसीव्हर धरतो."

"मग घरचा फोन धरायला कुणाला सांगू?"

त्यानं ताकाची वाटी तोंडाला लावली.

दुसऱ्या दिवशी विमानात अबू खालिद स्वतः होता, आणि त्याच्या शेजारी हाजी. हाजीला मुलाशी बोलायचं होतं. मुलगा जागेवर नव्हता. परत येताच फोन करील, असं त्याच्या ऑफिसातून सांगण्यात आलं. वर हाजी उतावीळ झाला, कॅप्टन रेडिओवर दर मिनिटाला "देऊस्कर? देऊस्कर?" करू लागला, आणि इकडे फोनची घंटा वाजली. गुरुप्रसादनं रिसीव्हर उचलला तो कानाला न लावताच माइकला टेकवला, बटण दाबलं आणि दुसऱ्या हातानं चहाचा कप घेतला. रिसीव्हर बारीक आवाजात बराच वेळ बोलत राहिला. मुलगा बापावर बराच चिडलेला दिसतोय, असं गुरुप्रसादच्या मनात आलं. मग तिकडून फोन ठेवल्याचा खट् आवाज झाला. त्यानं बटण सोडलं.

"झालं, सर?" त्यानं रेडिओवर विचारलं.

मग कॅप्टनचा आवाज आला, नेहमीपेक्षा खाली. "देऊस्कर, आम्ही परत येतोय. तू कुठे जाऊ नकोस."

विमानात काय झालं ते गुरुप्रसादला कॅप्टननंच नंतर सांगितलं. रिसीव्हर मध्ये धरून अबू खालिद आणि हाजी कान लावून बसले होते, आणि त्यातून एक बाई बोलू लागली. अबू खालिदला काहीच कळलं नाही. कॅप्टनला 'अबू खालिद' आणि 'झेड' एवढंच कळलं आणि तेवढं त्याला पुरेसं होतं. पण हाजी यूसुफ तरुणपणी बापाबरोबर मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईत राहिलेला होता. बाजारात, कोळणींशी घासाघीस करत तो मराठी शिकला होता, आणि ती त्याला अजून येत होती.

"आता मध्ये बोलू नका, माझं ऐका," असं म्हणून नीलानं सुरुवात केली होती. "आठवडाभर तुमचा फोन लागत नाही. ते झेड म्हणजे तुबलीच्या गॅरेजातला मोटारीचा फोन आहे, हे त्या अबू खालिदला सांगायची तुमची हिंमत नाही. त्या मिशीवाल्या साहेबाचीही नाही. दोघं मिळून कागदावर रोज झेड झेड करताय. आणि तो हाजी! बायकोला सांगतो मीटिंग, आणि झल्लाकला जाऊन मासे धरत बसतो. हे असले निरोप पोचवायला तुम्ही बी.कॉम. झालात का? आजच्या आज जा आणि खरं काय ते सांगून या. सही करायची असेल तर करा म्हणावं, नसेल तर कागद परत द्या. मी बॅगा भरते. अहो, ऐकताय ना? हं करा तरी!"

हाजी यूसुफनं सगळं ऐकून घेतलं आणि अबू खालिदला शब्दन् शब्द अरबीत करून सांगितला. झल्लाकचा भाग फक्त त्यानं वगळला.

ते तिघं ऑफिसात आले तेव्हा गुरुप्रसाद उभाच होता. महादेव काहीतरी घडणार हे ओळखून दारातच थांबला.

"ये फोन में कौन औरत था?" अबू खालिदनं विचारलं.

गुरुप्रसादला क्षणभर काही समजेना. मग त्यानं टेबलावरच्या फोनकडे पाहिलं, माइककडे पाहिलं, आणि त्याला सगळा उलगडा झाला. "माझी... मेरा बीवी, सर."

"झेड मफी? झेड नहीं है?"

"मफी, सर." हे म्हटल्यावर त्याला एकदम हलकं वाटलं. म्हणून त्यानं उरलेलंही सांगून टाकलं: घसरलेलं बोट, शेंगदाणा, महादेवनं दाखवलेला फोन, मऊ केलेले निरोप. काँक्रीटचंही सांगितलं.

"वो दीवार तुमने खड़ा किया?" हाजी म्हणाला.

"हां जी."

अबू खालिदनं खिशातून व्हिसाचा कागद काढला आणि टेबलावर ठेवला. सगळे त्या कागदाकडे पाहू लागले. अबू खालिदच्या डोळ्यांपुढे त्या वेळी बहुधा महिनाभराची बुकिंगं असावीत, कारण तो फाडायची घाई करत नव्हता.

"लोग फोन के लिए आता है," तो शेवटी म्हणाला. "फोन चलता है. झेड मफी, मगर फोन चलता है."

"चलता है, मगर ये आदमी अच्छा नहीं," हाजी म्हणाला. गुरुप्रसादनं मान खाली घातली. "बहुत शरीफ है. मैं गाली देता हूँ, ये सलाम पहुँचाता है. धंदा ऐसे नहीं होता." मग त्यानं बोट वर केलं आणि तो चक्क मराठीत म्हणाला, "ती बाई पायजे. एकदम साफ बोलते. एक शब्द इकडचा तिकडे नाय."

"हाजीसाहेब, ती तुमच्याबद्दल..." गुरुप्रसाद चाचरला.

"तेवडा एक सोडून," हाजी घाईघाईनं म्हणाला.

अबू खालिदनं पेन मागितलं. सही करून त्यानं कागद गुरुप्रसादच्या हातात दिला आणि म्हणाला, "मदाम का पेपर भी लाओ. व्हिसा मैं देखेगा."

त्या संध्याकाळी गुरुप्रसादनं घरी सगळं सांगितलं तेव्हा नीला सुरुवातीला लाजेनं लाल झाली आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. आली तेव्हा तिनं दोनच प्रश्न विचारले. ड्युटी सुनीताच्या शाळेच्या वेळेत बसेल का, आणि ते डोक्याला लावायचं यंत्र अंबाड्यावरून बसतं का. दोन्हींची उत्तरं होय अशी निघाली.

मुनाफनं तिकडे निकाल देऊन टाकला की विमानातल्या विमानात बोलायचा फोन त्या चौकटीत लिहायचा नसतोच. आधीच विचारलं असतंस तर सांगितलं असतं, असंही वर ऐकवलं. प्लॅनवर पुन्हा एस येऊ लागला. बुदैयाच्या बैठकीला याचा पत्ता नव्हता, आणि असता तरी कुणाला पर्वा नव्हती. नीला देऊस्कर मुंबईच्या हिंदीत निरोप घेई आणि जसाच्या तसा देई. कुणी पाल्हाळ लावलं तर "मुद्द्याचं बोला, रांग लागलीये," असं मराठीतच सांगे, आणि ते कळत नसलेले व्यापारीही मुद्द्यावर येत. कॅप्टन रॉडनी तिच्याशी बोलताना कॉलरचं बटण लावून बसतो, अशी महादेवची बातमी होती. हाजीच्या घरी आता "हाजी मासे पकडायला गेलेत" असा निरोप जाऊ लागला. सुरुवातीला एक भांडण झालं, पण नंतर त्याच्या बायकोनं येताना हमूर मासा घेऊन या म्हणून उलट निरोप पाठवायला सुरुवात केली.

एप्रिल संपत आला तसा गुरुप्रसादनं दोघांच्या रजेचा अर्ज नेला. अबू खालिदनं त्याचा अर्ज उभ्या उभ्या मंजूर केला. "जाओ, जाओ. एक महीना जाओ. दो महीना जाओ." दुसरा अर्ज वाचून मात्र तो दचकला. "मदाम? मदाम जाएगा तो विमान कैसे जाएगा?"

नीला पहिल्यांदा रागावली, मग रडली, आणि मग तिनंच नवऱ्याची आणि सुनीताची बॅग भरली. भावासाठी घेतलेलं घड्याळ आणि आईसाठी घेतलेली शाल तिनं वरच ठेवली. विमानतळावर ती दोघांना पोचवायला आली ती ड्युटीतून वेळ काढून, आणि विमान सुटण्याआधीच परत गेली, कारण हाजी यूसुफ वर होता.

गिरगावातल्या कार्यालयात गुरुप्रसाद सुनीताचा हात धरून शिरला तेव्हा सासूबाई पुढे आल्या. त्यांनी त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं, मग आणखी मागे पाहिलं.

"आणि नीला?"

"तिला रजा नाही मिळाली, आई."

"म्हणजे काय? नोकरी तुमची ना? रजा मिळाली नसती तर तुम्हाला मिळाली नसती. तिला कसली अडचण?"

मागे सनईवाल्यानं सूर लावला होता. सुनीतानं आजीच्या हातातल्या ताटलीतली बर्फी उचलली होती. गुरुप्रसादनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

"माझ्याशिवाय विमान उडतं, आई," तो म्हणाला, आणि अक्षतांच्या रांगेत जाऊन उभा राहिला.